तीन हृदयांचा प्राणी आणि निरीक्षकांचे मत

सुज्ञ वाचकहो, एका वाचकाने अलीकडे वाचलेल्या सहा पुस्तकांविषयी कोणते मत बनवले, ते चारचौघांत कसे मांडले आणि त्या मताने पुढे त्याची कोणती गत केली, याचे यथातथ्य निवेदन प्रस्तुत कथेत करण्यात येईल. या कथेत युद्ध नाही, प्रेमप्रकरण नाही आणि कोणी मरतही नाही. तरीही ती शेवटपर्यंत वाचावी, कारण हसू येण्यासारखी स्थळे तीत पुष्कळ आहेत. ज्यांना हसू येणार नाही त्यांनी आपण शेवटचे पुस्तक पुरते कधी वाचले होते, हे मनाशी आठवून पाहावे.

ज्यांचे हे मत, ते गृहस्थ वजनमाप खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतरही सारे त्यांना निरीक्षक याच नावाने ओळखत. आयुष्यभर त्यांनी दुकानदारांची मापे तपासली. तागडीच्या पारड्याखाली चिकटवलेले मेण, आतून पोकळ केलेले वजन, जाड बुडाचे लिटरचे माप, अशा नाना लबाड्या त्यांच्या नजरेने पकडल्या होत्या. त्यावरून त्यांनी असा सिद्धांत काढला की, ज्याला खोटे वजन ओळखता येते त्याला खोटे काहीही ओळखता येते. हा सिद्धांत ते बाजारात भाजीवाल्यावर, वाचनालयात ग्रंथांवर आणि घरात बायकोवर सारख्याच निष्ठेने लागू करत. भाजीवाला निमूटपणे ऐके, कारण त्याला माल खपवायचा असे. ग्रंथ निमूटपणे ऐकत, कारण त्यांना तोंड नसते. बायको मात्र ऐकत नसे, आणि म्हणून तिला ऐकू जावे यासाठी निरीक्षक घरात फार मोठ्याने बोलत.

वाचनालय एका लोखंडी सामानाच्या दुकानावर दोन खोल्यांत होते. खाली दिवसभर पत्रे आपटत आणि वर ‘शांतता राखा’ अशी पाटी टांगलेली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी तेथे ‘मतवाचन’ होई. म्हणजे एका सभासदाने उभे राहून अलीकडे वाचलेल्या पुस्तकांविषयी आपले मत सांगायचे आणि बाकीच्यांनी, ती पुस्तके आपणही वाचली आहेत अशा चेहऱ्याने, माना डोलवायच्या. प्रारंभी ही पाळी सर्वांकडे फिरत असे. निरीक्षक सभासद झाले आणि ती फिरायची थांबली. खिडकीजवळची हातांची खुर्ची त्यांची ठरली. पुस्तक चांगले की टाकाऊ, हे त्यांच्या तोंडून बाहेर पडले की तेच साऱ्यांचे मत होई. मुलगा जहाजावर नोकरीला, खात्याने शिक्का परत घेतलेला, गुडघे कुरकुरणारे. अशा अवस्थेत माणसाजवळ काहीतरी एकच उरते. निरीक्षकांजवळ त्यांचा शब्द उरला होता. तो खाली पडला असता, तर सकाळी उठून दाढी करण्याचे कारणही त्यांना उरले नसते.

अशात दुकानाच्या मालकाला आतली खोली गोदामासाठी परत हवी झाली. वाचनालयाचा सगळा संसार बाहेरच्या खोलीत मावणे शक्य नव्हते. एक कपाट रद्दीत जाणे अटळ झाले. कादंबऱ्यांच्या कपाटाला हात लावावा, तर सभासद अंगावर धावून आले असते. चरित्रांचे कपाट हलवावे, तर त्यामागचे भिंतीचे भगदाड उघडे पडले असते. उरली दोन: एक विज्ञानकथांचे, दुसरे खऱ्या माहितीच्या पुस्तकांचे. विज्ञानकथेला निळ्या कापडाची बांधणी आणि माहितीच्या पुस्तकाला तपकिरी, असा या वाचनालयाचा जुना नियम होता. म्हणून एकाला निळे कपाट आणि दुसऱ्याला तपकिरी कपाट म्हणत. अध्यक्ष हे रंगाच्या दुकानाचे मालक. त्यांनी दोन्ही कपाटे बाहेरून न्याहाळली आणि दोन्ही रंग टिकाऊ आहेत असा अभिप्राय दिला. त्याने काही सुटेना. शेवटी असे ठरले की, निरीक्षकांनी दोन्हींतली तीन-तीन पुस्तके वाचावीत, पुढच्या मतवाचनात मत द्यावे, आणि ते सांगतील ते कपाट रद्दीवाल्याला द्यावे.

निकाल काय लागणार, हे सर्वांस ठाऊक होते. विज्ञानकथेला निरीक्षक थापांचे दुकान म्हणत. त्यांची सून रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीस होती आणि निळे कपाट जवळजवळ तिने एकटीनेच वाचून झिजवले होते. तिने जेवताना विचारले,

“बाबा, वाचायच्या आधीच ठरवलंय ना तुम्ही?”

“मी काही ठरवत नसतो. वजन पारड्यात टाकायचं. काटा काय तो सांगतो.”

“आणि काटा कोण?”

“मीच,” निरीक्षक म्हणाले आणि पुढचा घास घेतला.

त्याच सुमारास छपरावरच्या नळाने दगा दिला. आतल्या खोलीत पाणी गळून सहा पुस्तकांचे पुठ्ठे आणि सुरुवातीची पाने कुजली. ग्रंथपालबाईंनी त्यांचे दोन गठ्ठे बांधले, एकावर निळे कापड ठेवले, दुसऱ्यावर तपकिरी, आणि ते बाइंडरकडे पाठवून त्या बहिणीच्या बाळंतपणासाठी परगावी गेल्या. बाइंडर हाताचा चोख होता. मात्र बांधायला आलेले पुस्तक वाचणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशात हात घालणे, असे तो मानी. त्याने कुजलेली पाने कापून टाकली, पुस्तके वाळत घातली, आणि वाळल्यावर निळे कापड तपकिरी गठ्ठ्यावर व तपकिरी कापड निळ्या गठ्ठ्यावर ठेवून दिले. येणेप्रमाणे तीन विज्ञानकथा तपकिरी पोशाखात आणि तीन खरीखुरी शास्त्रीय पुस्तके निळ्या पोशाखात परत आली. नावाचे पान कोणालाच उरले नव्हते. पाठीवर नुसते क्रमांक होते. शिपायाने रंग पाहून ती त्या त्या कपाटात लावली. नवी कोरी बांधणी दिसली की हात आपोआप तिकडेच जातो, त्यामुळे निरीक्षकांनी नेमकी हीच सहा उचलली. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. पुढील सर्व प्रकार त्यातूनच उद्भवला.

प्रथम त्यांनी निळी पुस्तके घेतली, कडू औषध आधी घ्यावे तशी. पहिल्यात समुद्राच्या तळाशी राहणारा आठ हातांचा एक प्राणी होता. त्याला तीन हृदये, त्याचे रक्त निळे, आणि त्याचे हात मेंदूला न विचारता स्वतःच निर्णय घेणारे. निरीक्षकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मजकूर तोच राहिला. मग त्यांनी मत बनवले की, ज्या लेखकाला एका हृदयाने वाचकाला रडवता येत नाही तोच पात्राला तीन हृदये देतो. रक्त निळे का, तर कपाट निळे म्हणून. पुस्तकाच्या मध्यभागी त्या प्राण्याची छायाचित्रे होती. ती त्यांनी भिंगाखाली धरून पाहिली आणि चित्रकाराने मेहनत घेतली आहे, मजकूर मात्र चित्रांच्या तोडीचा नाही, असा शेरा मारला.

दुसऱ्या निळ्या पुस्तकात एक पिवळा, बुळबुळीत गोळा होता. त्याला डोळे नाहीत, मेंदू नाही, तरी तो भुलभुलैयातून खाण्यापर्यंतचा जवळचा रस्ता हुडकून काढतो, असे लेखकाचे म्हणणे. निरीक्षक यावर बराच वेळ हसले. मेंदूवाचून रस्ता सापडत असता, तर खात्यातले आपले वरिष्ठ एव्हाना कुठल्या कुठे पोहोचले असते, असे ते म्हणाले.

तिसऱ्यात माणसांनी आकाशात सोडलेले एक यान होते. त्यात सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी, तीवर नाना भाषांतले नमस्कार, वाऱ्याचा आणि पावसाचा आवाज. ते यान साऱ्या ग्रहांना मागे टाकून काळोखात गेले, तरी अजून क्षीण आवाजात घरी खबर देते आणि पुढे जातच राहते. येथे मात्र निरीक्षक चिडले. लेखकाला शेवट सुचला नाही, म्हणून त्याने यान चालूच ठेवले, हा पहिला आक्षेप. दुसरा अधिक गंभीर. जी माणसे जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला नमस्कार करत नाहीत, ती कोण कुठल्या ताऱ्यावरच्या अनोळख्याला नमस्कार पाठवतील, हे कोणाला पटावे? या लेखकाला विज्ञान तर कळत नाहीच, पण माणसाचा स्वभावही कळत नाही.

मग त्यांनी हात धुतले आणि तपकिरी पुस्तके घेतली.

पहिले पुस्तक म्हणजे झोपेची ठेव स्वीकारणाऱ्या एका पेढीच्या माजी व्यवस्थापकाचे आत्मकथन. लोक तरुणपणी आपली जादा झोप तेथे जमा करतात आणि म्हातारपणी व्याजासह काढतात. श्रीमंत लोक गरिबांची झोप विकत घेतात. पुढे पेढी बुडते, सारे शहर टक्क जागे राहते, आणि व्यवस्थापक आपल्या खात्यातली शेवटची डुलकी एका रडणाऱ्या लेकराला देऊन टाकतो. निरीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आले. लेखकाने एकही विशेषण जादा खर्चले नव्हते आणि व्याजाचे दर तक्त्यात दिले होते. जेथे तक्ता असतो तेथे थाप नसते, हे त्यांना खात्यात शिकवलेलेच होते. तरीही खातरजमा करावी म्हणून ते आपल्या बँकेत गेले आणि झोपेची ठेव येथे घेतात काय, अशी चौकशी केली. खिडकीतल्या कारकुनाने मान वर केली नाही. “ती योजना आपल्या शाखेत अजून आलेली नाही,” तो म्हणाला. “वरून आली की पाटी लावू.” निरीक्षक समाधानाने परतले. आता पुरावाही हाती आला होता.

दुसरे पुस्तक हा एका चौकशी समितीचा अहवाल होता. चंद्र ठरल्या वेळेपेक्षा उशिरा उगवू लागला, म्हणून ही समिती नेमली गेली. समितीने साक्षी घेतल्या, उपसमिती नेमली, दोनदा मुदतवाढ मागितली, आणि अखेरीस चंद्र वेळेवर येत असून देशातील घड्याळे पुढे गेली आहेत, असा निष्कर्ष काढला. निरीक्षकांनी उभे आयुष्य अशाच अहवालांत घालवले होते. इतका अस्सल अहवाल कोणाला कल्पनेने लिहिताच येणार नाही, अशी त्यांची बालंबाल खात्री पटली.

तिसऱ्या पुस्तकाने घरात क्रांती केली. त्यात असे प्रतिपादन होते की, घराच्या भिंती माणसांचे बोलणे शोषून घेतात आणि पुढे गिलाव्याचे पोपडे सुटू लागले की ते सारे बोलणे जसेच्या तसे बाहेर पडते. पोपड्यांची वर्गवारी दिलेली होती. भांडणाचा पोपडा जाड, लाडीगोडीचा पातळ. निरीक्षकांनी आपल्या बैठकीच्या खोलीतील भिंतींकडे पाहिले. पोपडे जाड होते. त्या दिवसापासून ते घरात हलक्या आवाजात बोलू लागले.

सुनेच्या ध्यानात हा सगळा घोटाळा पहिल्या दोन दिवसांतच आला. सासऱ्याने जेवताना आठ हातांच्या प्राण्याची टर उडवली, तेव्हा तिने सरळ सांगितले की तो प्राणी खरा आहे, ती शाळेत त्याच्याविषयी शिकली आहे. झोपेच्या पेढीची गोष्ट तर तिने स्वतः वाचलेली, त्या वेळी तिचा पुठ्ठा निळा होता. बाइंडरने काहीतरी उलटापालट केली असावी. निरीक्षकांनी तिच्याकडे दयार्द्र दृष्टीने पाहिले.

“कपाट वाचवायला निघालीस तू,” ते हळूच म्हणाले. “खोटं वजन धरलं की दुकानदार पहिल्यांदा तागडीलाच नावं ठेवतो. माझी सगळी नोकरी गेली त्यात.”

अशा रीतीने सून हितसंबंधी पक्ष ठरली आणि तिची साक्ष बाद झाली. ती भांडी आवरायला गेली, तर सासूबाई तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतले.

“त्यांना पुन्हा काही सांगू नकोस,” त्या म्हणाल्या.

“आई, पण ती शुद्ध गोष्ट आहे. भिंती कुठं बोलतात?”

“नसतील बोलत. पण हे गप्प झालेत ना? लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझ्या कानाला आराम आहे.”

“आणि माझं कपाट रद्दीत जाईल त्याचं काय?”

“कपाट काय, दुसरं होईल. हा आवाज परत चढला तर खाली कोण आणणार? तू?”

सुनेने नळ सोडून भांडी विसळायला घेतली. वाचकांनीही सासूबाईंना दोष देण्याची घाई करू नये. ग्रंथांचा संसाराला इतका रोकडा उपयोग झाल्याचे उदाहरण निदान माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

मतवाचनाच्या दिवशी खोली भरून गेली. कोणाला पुस्तकांची ओढ होती असे नव्हे. कपाट बाहेर काढताना पाहण्याची ओढ होती. रद्दीवाला हातगाडी घेऊन खाली उभाच होता. निरीक्षकांनी गळपट्टा सारखा केला आणि उभे राहून प्रथम निळ्या पुस्तकांचा समाचार घेतला. तीन हृदयांवर हशा झाला. मेंदू नसलेल्या गोळ्यावर त्याहून मोठा झाला. यानाच्या वेळी तर अध्यक्षांनी डोळे पुसले. त्यानंतर निरीक्षकांनी आवाज खाली आणला आणि झोपेच्या पेढीचे करुण प्रकरण सांगितले. खोली गंभीर झाली. दातांचे डॉक्टर सभेला नेहमी पहिल्या रांगेत असत. ती पेढी बुडणार हे आपण त्याच वेळी म्हटले होते, असे त्यांनी शेजाऱ्यास सांगितले. चंद्राचा अहवाल निघाला तेव्हा अध्यक्षांना राहवले नाही.

“वाचलाय मी तो अहवाल,” ते म्हणाले. “फार कष्टानं तयार केलाय. त्या समितीतले एक जण आमच्या घरोब्यातले.”

सर्वांनी अध्यक्षांकडे आदराने पाहिले. निरीक्षकांनी शेवटी निःसंदिग्ध मत दिले की, तपकिरी कपाटात सत्य आहे, निळ्यात थापा आहेत, तेव्हा निळे जावे. टाळ्या झाल्या. चहा घेऊन मग ठराव टाकावा, असे ठरले.

ग्रंथपालबाई त्याच सकाळी परगावाहून परतल्या होत्या. सून कामावरून थेट आली ती मागे त्यांच्याजवळच उभी राहिली होती, आणि भाषण चालू असतानाच तिने त्यांच्या कानावर सर्व घातले. बाईंनी सहाही पुस्तके स्वतःच्या हातांनी गठ्ठ्यांत बांधली होती. कोणते कशातले, हे त्यांना सांगावे लागले नाही. कप हातात घेऊन निरीक्षक खिडकीशी आले तेव्हा त्या दोघी तेथे गेल्या. बाईंनी तपकिरी कपाटातला, पाण्याचा थेंबही न लागलेला जुना प्राणिकोश उघडून त्यांच्यासमोर धरला. त्यात तोच प्राणी होता, आठही हातांसह. हृदये तीन. रक्त निळे.

निरीक्षकांनी ते दोनदा वाचले. कशातले पुस्तक कशात गेले, हे बाईंनी थोडक्यात सांगितले. निरीक्षकांनी कप खिडकीत ठेवला. चूक करणारा दुकानदार पकडला गेला की त्याच्या चेहऱ्यावर काय दिसते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. ते आतून कसे वाटते, हे त्यांना आज कळले.

“बाई काही बोलणार नाहीत,” सून हलकेच म्हणाली. “मीही नाही. सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा बाबा.”

असे म्हणून ती जाऊन बसली. तिने आरडाओरडा केला असता तर तिला खोटे पाडता आले असते. आता कोणाला खोटे पाडणार? गप्प बसावे, तर निळे कपाट खाली हातगाडीवर जाईल आणि निरीक्षकांचा शब्द अबाधित राहील. बोलावे, तर आत्ता डोळे पुसत हसणारी हीच माणसे त्यांच्यावर हसतील, पुढच्या महिन्यापासून पाळी पुन्हा फिरू लागेल आणि त्यांना कोणी कधी काही विचारणार नाही. ते मूग गिळून बसलेही असते. परंतु त्यांची नजर टेबलावरच्या त्या झोपेच्या पेढीवर गेली. ज्या पुस्तकाने आपल्याला रडवले त्याचेच भाऊबंद आपण रद्दीत घालतो आहोत, हे काही केल्या त्यांच्या गळी उतरेना.

सभा पुन्हा बसली. अध्यक्षांनी ठरावासाठी घसा खाकरला. निरीक्षक उठले.

“थांबा,” ते म्हणाले. “नोकरीत असताना मी पुष्कळदा साधं गिऱ्हाईक बनून दुकानात जायचो. खोटं वजन मुद्दाम पुढं करायचो. पाहायचो, दुकानदार बोलतो की गप्प राहून मलाच लुबाडतो. मघाशी मी तेच केलं.”

कोणालाच काही कळले नाही.

“आठ हातांचा तो प्राणी खरा आहे. गोळा खरा, यानही खरं. आणि झोपेची पेढी, चंद्राची समिती या कथा आहेत. मी उलट सांगितलं. तासभर सांगितलं. या खोलीतल्या एकानंही हरकत घेतली नाही.”

अशी शांतता त्या खोलीत पाटी लावल्यापासून कधी झाली नव्हती. साऱ्यांच्या माना हळूहळू अध्यक्षांकडे वळल्या, कारण समितीतला एक जण त्यांच्या घरोब्यातला होता. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर त्यांच्या दुकानातले बरेच रंग येऊन गेले. ती दुसरी समिती असावी, असे ते पुटपुटले. दातांच्या डॉक्टरांना अचानक एक रुग्ण आठवला आणि त्यांनी पाय काढता घेतला. ज्यांना खरे आणि कल्पित यांतला भेद आज तासभर कळला नाही, त्यांनी कोणते कपाट टाकावे हे ठरवावे तरी कसे? तेवढ्यात ग्रंथपालबाईंनी अतिशय नम्रपणे निदर्शनास आणले की, बाहेरच्या खोलीत सर्वांत अधिक जागा अडवते ते कार्यकारिणीचे काचेचे टेबल आणि त्याभोवतीच्या गादीच्या खुर्च्या. एरवी अशा सूचनेला कोणी उभे केले नसते. त्या दिवशी विरोध करण्याइतके तोंड कार्यकारिणीत कोणालाच उरले नव्हते. हातगाडीवर टेबल गेले. दोन्ही कपाटे राहिली.

जिना उतरताना सून म्हणाली, “परीक्षा छान घेतलीत, बाबा.”

निरीक्षकांनी तिच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली, आणि तिनेही ती घेऊ दिली.

आपण सुटलो, असे त्यांना वाटले. तथापि खोट्याने सोडवलेला माणूस पुरता सुटत नसतो. पुढच्या मतवाचनासाठी त्यांनी तपकिरी कपाटातून मधमाश्यांवरचे एक पुस्तक निवडले, सुनेकडून आणि प्राणिकोशातून ते पडताळून घेतले, आणि उभे राहून निवेदन केले की, मकरंद सापडलेली माशी पोळ्यावर परत येऊन नाचते आणि त्या नाचाच्या दिशेवरून बाकीच्यांना फुले कुठे व किती लांब आहेत ते कळते. मग अध्यक्षांच्या चेहऱ्यावर हसू पसरले आणि त्यांनी बोट हलवले.

“या खेपेला नाही, साहेब. नाचून पत्ता सांगतात म्हणे. आम्हाला शेंडी लावायची नाही आता.”

सारी सभा मोठ्या धूर्तपणे हसली. निरीक्षकांनी शपथ घेतली, हसू वाढले. त्यांनी पुस्तक पुढे केले. दातांच्या डॉक्टरांनी ते उलटसुलट पाहून, पुठ्ठा बदललेला असणार असे निदान केले. निरीक्षक खाली बसले. ते खरे बोलत होते, आणि खरे बोलणाऱ्या माणसाजवळ ते खरे आहे असे पुन्हा पुन्हा म्हणण्यापलीकडे दुसरे साधन नसते.

मात्र एक गोष्ट अशी घडली की जिची अपेक्षा कोणी केली नव्हती. सभा संपताच त्या पुस्तकावर झुंबड उडाली. निरीक्षकांनी खोट नेमकी कुठे दडवली आहे, हे प्रत्येकाला आधी शोधायचे होते. अध्यक्षांनी ते पहिल्यांदा नेले आणि आयुष्यात प्रथमच एक पुस्तक या पुठ्ठ्यापासून त्या पुठ्ठ्यापर्यंत वाचून काढले. खोट सापडली नाही. तेव्हा ती फारच खोल पुरलेली आहे, असे त्यांनी जाहीर केले आणि तपासासाठी दुसरे पुस्तक नेले. पाठोपाठ दातांचे डॉक्टर आले, त्यांच्या पाठोपाठ त्यांचे रुग्ण. काही महिन्यांत निळे आणि तपकिरी, दोन्ही कपाटांत पुस्तकांच्या जागी मोकळ्या फटी दिसू लागल्या. निरीक्षक जे सांगत ते कोणी मानत नसे आणि ते सांगत ते सर्व जण वाचत असत. त्यांचे मत ऐकण्यासाठी आता बसायला जागा पुरत नव्हती, आणि त्यांच्या एका वाक्यावरही विश्वास ठेवणारा माणूस तेथे नव्हता.

एका मतवाचनानंतर ते सुनेबरोबर घरी चालले होते. सभेत त्यांनी एका झाडाच्या वयाविषयी बोलून पुष्कळ हशा मिळवला होता. बरेच अंतर गेल्यावर तिने विचारले की त्यांना वाईट वाटते का.

“वाचतायत ना,” निरीक्षक म्हणाले.

रस्ता ओलांडून झाल्यावर ते पुन्हा बोलले, अगदी खालच्या आवाजात. “पण एकदा तरी कुणी मला नुसतं ‘हो’ म्हणावं, असं वाटतं. पुस्तक न उघडता.”

“ते झाड खरंच तेवढं जुनं आहे?” सुनेने विचारले.

“आहे.”

“हो,” सून म्हणाली, आणि दोघे चालू लागले.

येणेप्रमाणे ही कथा समाप्त झाली. ती वाचण्यात आपण जो वेळ घालवलात तो एखाद्या अधिक चांगल्या पुस्तकाच्या वाट्याचा होता, याची प्रस्तुत लेखकास नम्र जाणीव आहे. तो मला दिल्याबद्दल सर्व वाचक भगिनी-बंधूंचे अंतःकरणपूर्वक आभार मानून रजा घेतो.

आपला,
तात्या छत्रीवाले